आज्ञाधारक!

परीकथेतल्या परीनं दिलेली एक भेट, दख्खनमध्ये हरवलेली एक सपाता आणि मामेबहिणीच्या बायोडेटामधला एक शब्द... या तिघांचा एकमेकांशी काय संबंध? वाचा तर!

शुक्रवारी रात्री साडेअकरा वाजता मोबाइल वाजला. नगरच्या मामीचा मेसेज. सोबत एक फाइल आणि खाली दोन ओळी : ‘बायोडेटा फायनल केलाय. तू लिहितेस ना मासिकांत, जरा शुद्धलेखन बघून घे गं. उद्या येतेस ना?’

माझी मामेबहीण सव्वीस वर्षांची. पुण्यात खराडीला एका आयटी कंपनीत आहे. हाताखाली चार मुलं. दर महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात रात्री दोनपर्यंत कॉलवर. रविवारी तिच्या घरी, म्हणजे नगरला सावेडीत, बघण्याचा कार्यक्रम ठरलेला. मी आधारासाठी. (कोणाच्या, ते मामीनं स्पष्ट केलं नव्हतं.)

फाइल उघडली. फोटो झकास. शिक्षण, पगार, उंची, रास, नाडी, गण, मामाकुळ... सगळं जागच्या जागी. आणि मग ती ओळ. ‘स्वभाव : शांत, मनमिळाऊ, आज्ञाधारक.’

शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती.

एरवी मी अंगठा पाठवून झोपून गेले असते. पण त्या रात्री माझ्या उशाशी एक पुस्तक अर्धं वाचून पडलं होतं. आणि त्या पुस्तकात ‘आज्ञाधारक’ हे चक्क एका शापाचं नाव होतं!

परीची भेट

पुस्तकाचं नाव ‘एला एन्चांटेड’. लेखिका गेल कार्सन लेव्हिन. अमेरिकेत १९९७ साली आलं, पुढच्याच वर्षी तिथल्या बालसाहित्यातल्या मानाच्या न्यूबेरी पुरस्काराच्या सन्माननीय यादीत बसलं. २००४ मध्ये त्यावर अॅन हॅथवेला घेऊन सिनेमाही निघाला. सिनेमा पाहून ‘हं, माहितीये’ म्हणणाऱ्यांना एवढंच सांगते की पुस्तक वेगळं आहे आणि कितीतरी चांगलं आहे. मला ते अप्पा बळवंत चौकात जुन्या पुस्तकांच्या ढिगात सापडलं. यंग अॅडल्ट म्हणजे शाळा संपत आलेल्या मुलामुलींसाठीचं. मी अठ्ठावीस वर्षांची आहे, पण बिल करताना वय कोणी विचारलं नाही.

गोष्ट तशी आपल्याला पाठ असलेली सिंड्रेलाच. आई जाते, बाप दुसरं लग्न करतो, सावत्र आई आणि तिच्या दोन मुली छळतात, मग राजपुत्र, मग बूट. पण लहानपणी सिंड्रेला ऐकताना एक प्रश्न पडायचा, आठवतंय? ही मुलगी हे सगळं ऐकून का घेते? ‘नाही घासत भांडी’ असं एकदा तरी का म्हणत नाही? आजीला विचारलं तर उत्तर यायचं, ‘गुणी होती ना ती!’ विषय संपला.

लेव्हिनबाईंनी हा विषय संपू दिला नाही. त्यांच्या गोष्टीत एला जन्मते तेव्हा खूप रडत असते. ल्युसिंडा नावाची एक परी बाळाला बघायला येते आणि आशीर्वाद म्हणून भेट देते : ही मुलगी कायम आज्ञा पाळेल. बस्स! त्या क्षणापासून एलाला कोणीही काहीही करायला सांगितलं की करावंच लागतं. थांबवलं तर डोकं गरगरतं, जीव घुसमटतो. सिंड्रेला गुणी वगैरे काही नव्हतीच. तिच्याकडे ‘नाही’ म्हणायची सोयच नव्हती!

मी शनिवारी सकाळच्या ई-शिवाईत बसून उरलेलं पुस्तक काढलं. या रस्त्याला एसटीच्या इतिहासात मान आहे, बरं का. एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी धावली ती पुणे-नगर अशीच, आणि १ जून २०२२ ला पहिली विजेवरची शिवाई सोडली तीही याच मार्गावर. इतिहास काहीही असो, वाघोलीच्या ट्रॅफिकला तो माहीत नसतो. त्यामुळे मला वाचायला भरपूर वेळ मिळाला.

पाच वर्षांच्या एलाच्या वाढदिवसाला त्यांची स्वयंपाकीण मॅन्डी केक करते आणि प्रेमानं म्हणते, खा. एला खाते. दुसरा तुकडा. तिसरा. पोट फुटायची वेळ येते तरी खातेच आहे, कारण ‘थांब’ असं कोणी म्हटलेलं नाही. मॅन्डीचा हेतू वाईट नव्हता. लाडच करत होती बिचारी. मला हा प्रसंग फार आवडला, कारण हुकूम म्हटला की आपल्याला दुष्टच माणूस आठवतं. पण आपल्याला सगळ्यात जास्त हुकूम देतात ती आपल्यावर प्रेम करणारी माणसं. जेव. झोप. स्वेटर घाल. सायन्स घे. आता लग्नाचं बघ.

एलाही काही गरीब गाय नाही. मॅन्डी सांगते, मी अंडी फेटतेय तोवर हे भांडं धर. एला भांडं धरते, पण स्वतः पाय हलवत इकडून तिकडे सरकत राहते! हुकूम पाळला की नाही? पाळला. हे वाचून मी बसमध्ये एकटीच हसले. बॉसनं ‘आजच्या आज पाठव’ म्हटल्यावर रात्री अकरा अठ्ठावन्नला मेल पाठवणारे आपण सगळे एलाचेच चुलत भाऊबहीण. ज्याला ‘नाही’ म्हणता येत नाही, तो ‘हो’मध्येच पळवाट शोधतो.

पोह्यांतले मशरूम

पुढे मात्र हसू कमी होत जातं. सावत्र बहीण होणारी हॅटी फार हुशार नाही, पण एलाला सांगितलं की ती करते, एवढं तिच्या पहिल्याच प्रवासात लक्षात येतं. मग ती एलाच्या गळ्यातला हार मागते. आईचा हार. एला काढून देते. पुढे शाळेत एलाला एक छान मैत्रीण मिळते, तर हॅटी हुकूम सोडते की तिच्याशी मैत्री तोड. त्या मैत्रिणीला कारणसुद्धा कळत नाही.

आणि मग येतो बघण्याचा कार्यक्रम! खरंच सांगते. एलाचा बाप व्यापारात बुडालेला असतो. एखादा श्रीमंत जावई मिळाला तर निभेल म्हणून तो एका उमरावाला जेवायला बोलावतो आणि एलाच्या पानात एक खास जातीचे मशरूम वाढतो. ते खाल्ले की समोरच्या माणसावर आपोआप प्रेम बसतं. एला खाते आणि त्या म्हाताऱ्या उमरावावर खरोखर लुब्ध होते. नंतर बापाला कळतं की जावईबापूंची जमीन पुरात गेली, आता त्यांच्याकडेही पैसा नाही. झालं, स्थळ रद्द! शेवटी बाप स्वतःच एका पैसेवाल्या विधवेशी लग्न करून मोकळा होतो. म्हणजे सावत्र आई घरात येते ती हिशेबातून.

रांजणगावच्या आसपास मी हे वाचत होते आणि डोळ्यांसमोर मामीचं स्वयंपाकघर येत होतं. आपल्याकडे पोह्यांत मशरूम घालत नाहीत, पण ‘मुलगा चांगला आहे, घर चांगलं आहे, एकदा बोलून तर बघ, आवडेल तुला’ हे इतक्या वेळा वाढतात की तिसऱ्या प्लेटीला खरंच आवडू लागतं.

खुशीत राहा!

पण पुस्तकातला सगळ्यात भयानक प्रसंग हा नव्हे. राक्षस येतात, माणसं खायला निघतात, तोही नव्हे. तो प्रसंग एका लग्नात आहे. एला शाप काढून टाक म्हणून सांगायला ल्युसिंडा परीला गाठते. परी ऐकून घेते, दुखावते आणि उलट हुकूम देते की इतका सुंदर गुण मिळालाय, त्याचा आनंद मान!

आणि एलाला आनंद होतो. हुकूमच आहे तो. तिला खरोखर वाटू लागतं की आज्ञा पाळण्यासारखं सुख नाही. जिथे तिथे हुकमांची वाट बघते. अंगावर काटा आला माझ्या. आजवर निदान आतली एला चिडलेली तरी होती. आता तीही गेली.

इथं लेव्हिनबाईंना सलाम. सिंड्रेलाची नवी आवृत्ती लिहायची म्हणजे तिच्या हातात तलवार द्यायची, जीन्स घालायची, राजपुत्राला लाथ मारायला लावायची, असा एक टिपिकल फंडा असतो. या पुस्तकात तसलं काही नाही. एकच प्रश्न धरलाय आणि शेवटपर्यंत सोडला नाही : जो गुण म्हणून आपल्याला दिला गेला, तो आपला आहे का?

शेवटही तसाच. राजपुत्र चार हा चांगला मुलगा आहे. एलावर त्याचं प्रेम आहे, तिचंही आहे. त्याला शापाचं काही माहीत नाही. तो साधेपणानं म्हणतो, माझ्याशी लग्न कर. झाला ना हुकूम! एलाच्या तोंडून ‘हो’ बाहेर पडायला लागतं. पण तिला दिसतं की आपण राणी झालो आणि हे गुपित शत्रूला कळलं, तर ‘मार त्याला’ एवढं सांगणंही पुरेल. त्याला वाचवायचं तर नकार द्यायला हवा. आणि जिवाच्या आकांतानं ती ‘नाही’ म्हणते. शाप तुटतो. जादूची कांडी नाही, राजपुत्राचं चुंबन नाही. तिचा स्वतःचा एक नकार, तोही ज्याच्यावर प्रेम आहे त्याला दिलेला.

मग अर्थातच लग्न होतं. एला ‘प्रिन्सेस’ ही पदवी घेत नाही, दरबारची भाषातज्ज्ञ आणि स्वयंपाक्याची मदतनीस अशा दोन पदव्या घेते. गोड आहे. पण खरं सांगू? इथं मी जरा नाराज झाले. इतका वेळ ज्या प्रश्नानं छळलं, तो लग्नाच्या मांडवापाशी चार ओळींत आवरून टाकला. तिथून पुढे सगळं सुखाचं!

शिरूरला घोड नदी ओलांडली की जिल्हा बदलतो. मी पुस्तक मिटलं आणि खिडकीतून बाहेर बघत विचार करत बसले, की आपल्याकडच्या गोष्टी लग्नापाशी संपतात का?

दख्खनची सपाता

तर, नाही संपत! आपल्याकडे भोपळ्याची गाडी आहेच की. पण त्यात बसून कोण येतं? म्हातारी. कुठून? लेकीकडून. लेकीच्या घरचं तूपरोटी खाऊन, वाघाला चकवून परत येते. राजपुत्राचा पत्ताच नाही. गोष्टीचा सगळा जीव लग्न झालेल्या मुलीच्या घरी जाणं-येणं कसं जमवायचं, यात.

आणि सिंड्रेलाचा बूटही आपल्याकडे आहे. १८६८ साली लंडनला ‘ओल्ड डेक्कन डेज’ नावाचं पुस्तक निघालं. लिहिणारी मेरी फ्रिअर, मुंबईचे तेव्हाचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांची विशीतली मुलगी. १८६५-६६ च्या हिवाळ्यात ती वडिलांबरोबर दख्खनच्या दौऱ्यावर होती. मुक्कामामागून मुक्काम, सोबतीला दुसरी बाई नाही. मग तिच्या आयानं, अॅना लिबराता डिसूझानं, आपल्या आजीकडून ऐकलेल्या गोष्टी तिला सांगितल्या आणि मेरीनं त्या इंग्रजीत उतरवल्या. म्हणजे आजीनं नातीला, नातीनं मालकिणीला, मालकिणीनं लंडनला. गोष्ट पुन्हा सांगण्याचा धंदा काही आजचा नाही.

त्यात ‘सोदेवाबाई’ नावाची गोष्ट आहे. अर्थ भाग्यवती, म्हणजे मूळ शब्द सुदैवाच्या आसपासचा असणार. ही राजकन्या जन्मतानाच गळ्यात सोन्याचा हार घेऊन येते आणि तिचा जीव त्या हारात असतो. हार काढला की ती मेली. तिच्या पायांत सोन्या-रत्नांच्या सपाता. डोंगरावर फुलं तोडताना एक सपाता घसरून खाली रानात पडते. शिकारीला आलेल्या रावजी नावाच्या राजपुत्राला ती सापडते, तो मालकीण शोधत येतो, लग्न होतं. सिंड्रेला संपली!

पण सोदेवाबाईची खरी गोष्ट इथं सुरू होते. रावजीला आधीची एक राणी आहे. तिला हाराचं गुपित कळतं. ती तो चोरून आणवते, आपल्या गळ्यात घालते आणि सोदेवाबाई मरते. फक्त रात्री थोरली राणी हार काढून ठेवते तेवढ्या वेळापुरती ती आपल्या समाधीत जिवंत होते. तिथंच तिला मूल होतं. आणि शेवटी ते पोरच आईचा हार परत आणतं.

जीव हारात, हार गळ्यात आणि गळा दुसऱ्याच्या घरात. गोष्ट सांगणाऱ्या आजीला याहून जास्त काही समजावून सांगायची गरज वाटली नसावी. एलाचाही हारच गेला होता, पण तिला सासरचं आयुष्य लेखिकेनं दाखवलंच नाही. दख्खनच्या आजीला माहीत होतं की सपाता बसली का, हा प्रश्न सोपा आहे. नंतर जीव कोणाच्या ताब्यात, हा अवघड.

चौंडीची गोष्ट

गाडी सुपं सोडून नगरच्या दिशेला लागली. आता पाट्यांवर ‘अहिल्यानगर’ आहे. २०२४ मध्ये नाव बदललं, तरी कंडक्टर ‘नगर, नगर’च म्हणत होता. या गावाला गोष्टी अशाच चिकटतात. शहराबाहेरच्या डोंगरावरची तीन मजली इमारत सलाबतखानाची कबर आहे, पण सगळा गाव तिला चांदबिबीचा महालच म्हणतो. गोष्ट आवडली की संपलं!

ज्यांच्या नावानं आता जिल्हा ओळखला जातो, त्यांचीही आपण परीकथाच केलीय. लहानपणी मामानं मला जामखेड तालुक्यातल्या चौंडीला नेलं होतं आणि तीच सांगितली होती. पाटलाची पोर. आठ वर्षांची. देवळात आलेली. पेशव्यांचे सुभेदार मल्हारराव होळकर मुक्कामाला थांबलेले असतात, त्यांना मुलीचं तेज दिसतं आणि ते तिला सून करून घेतात. अहिल्या माणकोजी शिंदे, जन्म १७२५, लग्न १७३३. बुटाशिवायची सिंड्रेला! बालवाचनाच्या पुस्तकांत गोष्टीचं चित्र कोणतं असतं? देऊळ, परकर-पोलक्यातली मुलगी, घोड्यावरचे सुभेदार.

पण पुढचं बघा. १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात तोफेचा गोळा लागून खंडेराव गेले. अहिल्याबाई तेव्हा अठ्ठावीस वर्षांच्या होत्या. माझ्या वयाच्या. त्या सती जायला निघाल्या. तो काळाचा हुकूम होता, सगळ्यात मोठा. आणि म्हाताऱ्या सासऱ्यांनी त्यांना विनवलं की जाऊ नकोस. त्यांनी ऐकलं.

एलाच्या चौकटीत हे बसवायला गेले आणि अडले. ही आज्ञा पाळली म्हणायची की मोडली? सासऱ्यांची पाळली, रिवाजाची मोडली. आणि त्यामुळे त्या वाचल्या. मग मल्हाररावांनी त्यांना कामांना जुंपलं. तोफखान्याच्या व्यवस्थेबद्दल सुनेला लिहिलेली त्यांची पत्रं आहेत. तेही हुकूमच. पण त्या हुकमांनी त्यांना लहान केलं नाही, मोठं केलं.

१७६६ मध्ये मल्हारराव गेले, १७६७ मध्ये मुलगा मालेराव. बाई एकटी उरली म्हटल्यावर राघोबादादा फौज घेऊन इंदूरवर निघाले. अहिल्याबाईंनी बायकांची तुकडी उभी केली आणि कळवलं की बायकांशी लढून जिंकलात तर कौतुक नाही, हरलात तर तोंड दाखवायला जागा नाही, अशी आठवण सांगतात. माधवराव पेशव्यांनीही त्यांचीच बाजू घेतली. राघोबा आपण दुखवट्याला आलो होतो म्हणून मोकळे झाले. हे ‘नाही’ चौंडीच्या देवळातल्या चित्रापेक्षा कितीतरी मोठं आहे. त्यानंतर १७९५ पर्यंत त्यांनी राज्य केलं.

आणि गोष्ट इथंही ‘सुखानं’ संपत नाही. जो दरोडेखोरांचा बंदोबस्त करील त्याला मुलगी देईन, असं परीकथेतल्या राजासारखं अहिल्याबाईंनी जाहीर केलं. यशवंतराव फणसे यांनी ते करून दाखवलं आणि मुक्ताबाईंशी त्यांचं लग्न झालं. १७९१ मध्ये यशवंतराव गेले. मुक्ताबाई सती जायला निघाल्या. आता विनवायची पाळी आईची होती. जिला सदतीस वर्षांपूर्वी याच जागेवरून मागे फिरवलं होतं, तिनं लेकीला परोपरीनं सांगून पाहिलं. मुक्ताबाईंनी आईचं ऐकलं नाही. त्या गेल्या.

म्हणजे ‘नाही’ म्हटलं की शाप तुटतोच असं नाही. मुक्ताबाईंनी आईला नकार दिला आणि काळाचा हुकूम पाळला. ऐकायचं की नाही, एवढ्यानं भागत नाही. कोणाचं ऐकतोय आणि त्यानं कोण जगतंय, तेही बघायला लागतं. परीकथेच्या पुस्तकाकडून मला इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. यातलं निम्मं पुस्तकानं दिलं, निम्मं नगरनं. तारकपूर स्टँड आला, उतरले.

रविवारचे पोहे

संध्याकाळी पुस्तक मामेबहिणीच्या हातात दिलं. ती म्हणाली, “ताई, उद्या बघायला येणारेत आणि तू मला सिंड्रेला देतेस?” पण रात्री दोनला पाणी प्यायला उठले तर तिच्या खोलीतला दिवा चालू होता.

सकाळी गच्चीत चहा घेताना मी विचारलं, कसं वाटलं? मला वाटलं, मशरूमवर हसेल, राक्षसांवर बोलेल. ती म्हणाली, “सगळ्यात डेंजर ऑर्डर हॅटीची नाहीये. तिच्या आईची आहे.”

मी विसरलेच होते ते. आठ वर्षांची असताना एला एका मैत्रिणीला गुपित सांगते आणि ती मैत्रीण त्याचा फायदा घेते. तेव्हा आई तिला हुकूम देते की हे कोणालाही सांगायचं नाही. लेकीच्या भल्यासाठीच. आणि मग आई मरते, पण हुकूम राहतो. पुढे राजपुत्राला, मैत्रिणीला कुणालाच एला सांगू शकत नाही की माझं असं असं होतंय, मला मदत करा.

“कुणाला सांगायचं नाही म्हटल्यावर संपलंच ना गं,” ती म्हणाली. मग थोडा वेळ गप्प. मग, “आईला सांगितलंय मी दोनदा की मला अजून एक वर्ष हवंय. ती म्हणते, बाहेर बोलू नकोस, लोक काय म्हणतील.”

मी काहीच बोलले नाही. परीक्षण लिहिणं सोपं असतं.

खाली मामी पोहे भिजवत होती. मी कोथिंबीर निवडायला बसले आणि धीर करून विषय काढला. “मामी, तो बायोडेटा पाहिला मी. शुद्धलेखन बरोबर आहे. फक्त ते ‘आज्ञाधारक’ काढलं तर?”

“का? वाईट आहे का ते?” मामीनं वर न बघता विचारलं. “आमच्या वेळी हातानं लिहायचे. अण्णांनी लिहिला होता माझा, निळ्या शाईनं. त्यातही हाच शब्द होता.” कांदा चिरत राहिली. मग म्हणाली, “मला कुठं माहीत होतं मी कशी आहे ते? अठरा-एकोणीस वर्षांची. लिहिलं होतं, मग तशी वागले.”

फोडणीत मोहरी तडतडली. त्या आवाजात आम्ही दोघी गप्प.

पाहुणे अकराला आले. माणसं चांगली होती. मुलगाही बरा, जरा लाजरा, पोहे दोनदा मागून घेतले. मुलाच्या आईनं हसत हसत मामीला विचारलं, “मुलगी ऐकण्यातली आहे ना?” मामी उत्तर द्यायच्या आत बहीणच म्हणाली, “काकू, काय सांगताय त्यावर आहे.” आवाज साधा, हसरा. मामाला ठसका लागला. मुलगा पहिल्यांदाच वर बघून हसला. मग तिनं सगळ्यांसमोर, ऑफिसच्या मीटिंगमध्ये सांगतात तसं सांगून टाकलं की तिला अजून वर्षभर थांबायचंय. त्या वर्षात बोलायला, भेटायला तिची हरकत नाही.

पाहुणे ‘कळवतो’ म्हणून गेले. हा कॉलम लिहीपर्यंत त्यांनी कळवलेलं नाही. कदाचित कळवतील, कदाचित नाही. शाप-बिप तुटल्यासारखा गडगडाट वगैरेही झाला नाही. मामा दुपारी जेवताना जरा घुश्शात होता आणि बहीण संध्याकाळच्या गाडीनं लॅपटॉप घेऊन परत खराडीला.

तर वाचकहो, ‘एला एन्चांटेड’ जरूर वाचा. इंग्रजी सोपं आहे, दोन वीकएंडमध्ये होतं. धाकटी बहीण, भाची असेल तर तिलाही द्या, आणि भाऊ-भाचा असेल तर त्याला आधी द्या. ‘माझ्याशी लग्न कर’ हासुद्धा एक हुकूम असू शकतो, हे त्यांना कोणी सांगत नाही. फक्त शेवटचं पान मिटल्यावर घरातल्या एखाद्या बाईला विचारा की तिची गोष्ट लग्नानंतर पुढे काय झाली. तो भाग पुस्तकात नाही.

सोमवारी रात्री पुन्हा मोबाइल वाजला. मामीचा मेसेज, नवी फाइल. काही लिहिलेलं नव्हतं. उघडली. ‘स्वभाव : शांत, मनमिळाऊ,’

तिसरा शब्द काढलाय, त्याच्या आधीचा स्वल्पविराम तसाच राहिलाय. शुद्धलेखनाची चूक आहे. मी दाखवली नाही.